दम आणि पाय: घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा चालतं करण्यासाठी

घरातलं वयस्कर माणूस एका दिवसात बसत नाही. आधी मंडई सुटते, मग देऊळ, मग जिना, मग अंगण. शेवटी पलंग आणि न्हाणीघर एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. घरचे म्हणतात, गुडघे गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) लिहिलेलं असतं. गुडघ्याचं मलम एका डब्यात, छातीचा पंप दुसऱ्या डब्यात, आणि माणूस खुर्चीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम लोकांच्या घरी जाऊन चालतं. आयुष्यभर चुलीसमोर बसलेल्या आज्या, विडी सुटलेले पण खोकला न सुटलेले आजोबा, गिरणीत किंवा दगडखाणीत धूळ खाल्लेली माणसं मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी घरच्यांनी काठी किंवा वॉकर आणलेला असतो आणि तो दाराआड उभा असतो. कारण साधं असतं. वॉकर पायांना आधार देतो, पण चार पावलांवर धाप लागते त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. उलटही होतं. श्वासाचे व्यायाम पलंगावर बसून अगदी नेमाने चालतात, पण उभं राहिलं की माणूस श्वास रोखून धरतो. म्हणून माझं सांगणं असं की आधाराचं साधन आणि श्वास या दोन्ही गोष्टी एकत्र शिकायच्या. ज्यांच्या घरी हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी मी ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: नेमकं काय अडवतंय ते बघा

काहीही विकत आणण्याआधी एक गोष्ट करा. हात असलेल्या खुर्चीत आई किंवा वडिलांना बसवा. समोर ३ मीटरवर, म्हणजे साधारण १० फुटांवर, जमिनीवर एक खूण करा. उठायचं, खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तुम्ही शेजारी राहा आणि मोबाईलवर वेळ बघा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून पुढचं ठरवायचं.

वेळेपेक्षाही मी बाकीचं जास्त बघते. उठतानाच दोन-तीन झोके घ्यावे लागतात का? म्हणजे मांड्यांची ताकद कमी झाली आहे. एका पायावर वजन टाकायचं टाळतात का? वळताना भिंत धरतात का? परत बसल्यावर खांदे वर-खाली होतात का, बोलताना वाक्य मधेच तुटतं का? तिथे अडचण दमाची आहे. आणि काही जण सगळं जमत असूनही पाऊल टाकत नाहीत, कारण मागे एकदा पडलेले असतात. ही भीती खरी असते. "काही होत नाही, चला" म्हणून ती जात नाही. हाताला भरवशाचा आधार मिळाला की ती हळूहळू कमी होते.

यासोबत डॉक्टरांकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, दम नव्याने लागायला लागला असेल किंवा अलीकडे वाढला असेल तर त्याचं कारण आधी शोधायला हवं. हृदय, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फुप्फुसं या तिन्हींमुळे दम लागू शकतो. दोन, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा मोजून घ्या. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळे तोल जात असेल तर काठी किती चांगली आहे याने फरक पडत नाही.

दुसरी पायरी: काठी, आणि तिचं माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरात कै. आजोबांची काठी असते, ती आजींच्या हातात येते. आजोबा पाच फूट आठ इंच, आजी चार फूट अकरा. काठी उंच झाली की खांदा वर चढतो, कोपर बाहेर जातं, मान आखडते. त्यात दम्याच्या माणसाचे मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वास घ्यायला मदत करत असतात. तेच स्नायू उंच काठी सावरण्यात अडकले की चार पावलांत धाप लागते. काठी बुटकी असेल तर माणूस पुढे वाकतो आणि पोट दाबलं जातं.

माप घ्यायचं ते असं. रोज घालतात त्याच चपला किंवा बूट घालून त्यांना ताठ उभं करा, हात बाजूला सैल सोडू द्या. मनगटावर जिथे घडी पडते तिथे काठीच्या मुठीचा वरचा भाग आला पाहिजे. मग मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं, २० ते ३० अंशांत. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला भोकं आणि दाबायची कळ असते, तिने उंची बदलता येते. कळ पूर्ण बाहेर येऊन 'टक' आवाज झाला का ते बघा आणि खालची चकती घट्ट पिळा. लाकडी काठी असेल तर ती उलटी करा, मूठ जमिनीवर टेकवा, मनगटाच्या घडीपाशी पेन्सिलीने खूण करा. खालच्या रबरी बुचाची जाडी त्यातून वजा करा आणि मग सुताराकडून कापून घ्या. आजोबांची काठी अशी कापायला घरच्यांचा जीव होत नाही, हे मी पाहिलं आहे. तसं असेल तर ती भिंतीवर जपून ठेवा आणि आजींना दुसरी आणा.

मूठ गोल वाकलेली असली तर सगळं वजन तळहाताच्या एका भागावर येतं. बोटांत संधिवात असेल तर आडवी, रुंद मूठ बरी पडते.

आता काठी कुठल्या हातात. जो पाय दुखतो त्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. जवळपास प्रत्येक जण आधी उलटं धरतो, कारण दुखऱ्या बाजूला टेकू द्यावासा वाटतो. पण आपण चालताना उजव्या पायाबरोबर डावा हातच पुढे जातो. शिवाय एका पायावर उभं असताना कंबर समतोल ठेवण्याचं काम त्याच बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना करावं लागतं. काठी पलीकडच्या बाजूने टेकली की त्या खुब्यावरचा भार खरोखर हलका होतो. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे, मग चांगला पाय. पहिले दोन-तीन दिवस हे मोठ्याने म्हणत चालायला लावा: "काठी-दुखरा, चांगला. काठी-दुखरा, चांगला."

जिन्यावर क्रम बदलतो. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली, मग चांगला. एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात काठी. मदतनीसाने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला राहायचं.

आणि ते रबरी बूच. त्याच्या तळाला नक्षी असते, ती झिजून गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर काठी सटकते. नवं बूच काही रुपयांत सर्जिकल दुकानात मिळतं. काठीचा व्यास सांगून घ्या, सैल बसलं तर उपयोग नाही. महिन्यातून एकदा काठी उलटी करून तळ बघायचा, एवढीच तिची देखभाल.

चार पायांची काठी पक्षाघातानंतर एका बाजूची ताकद कमी झालेल्यांना उपयोगी पडते. ती जास्त भक्कम दिसते म्हणून सगळ्यांनीच घ्यावी असं नाही. तिचे चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. भरभर चालणाऱ्याच्या हातात ती डुगडुगते आणि अरुंद पायरीवर मावत नाही. बगलेच्या कुबड्या घ्याव्या लागल्या तर वजन तळहातांवर घ्यायचं, बगलेवर कधीही नाही. कुबडीचा वरचा भाग आणि बगल यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. बगलेतल्या नसांवर सतत दाब पडला तर हाताला मुंग्या आणि कमजोरी येते.

तिसरी पायरी: वॉकर घ्यायचा तर कोणता

ज्यांचा तोल दोन्ही बाजूंना जातो, किंवा खुब्याचं वा गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे, त्यांना वॉकर लागतो. उंचीचं माप काठीसारखंच, मनगटाच्या घडीपर्यंत. दुकानात जाण्याआधी घरातलं सगळ्यात अरुंद दार मोजा. बहुतेक घरांत ते न्हाणीघराचं असतं. वॉकर त्यातून जात नसेल तर नेमक्या निसरड्या जागी तो बाहेर राहतो आणि माणूस आत.

बिनचाकाचा वॉकर दर पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो. तोल अगदीच कमी असलेल्यांना तो सुरक्षित, पण दम लागणाऱ्यांना ही उचल-ठेव महागात पडते. त्यांना पुढे दोन चाकं असलेला वॉकर मी सुचवते. चार चाकं, ब्रेक आणि बसायला पट्टी असलेला वॉकर सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना फार मानवतो. दोन्ही हात टेकून किंचित पुढे झुकलं की छातीचे स्नायू मोकळे होतात, आणि धाप लागली की ब्रेक लावून तिथेच बसता येतं. मात्र ब्रेक दाबण्याइतकी हातात ताकद आणि ते लक्षात ठेवण्याइतकी सावधानता हवी. सगळं वजन टाकून झुकणाऱ्याच्या हातून तो पुढे पळतो.

वॉकर एक पाऊल पुढे, मग कमजोर पाय, मग चांगला. वॉकरच्या पुढच्या दांडीला पाय लागेल इतकं आत शिरायचं नाही. जिन्यावर तो न्यायचा नाही. आणि खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, कारण तो अंगावर कलंडतो. उठण्याची पद्धत पुढे श्वासासोबत सांगते.

व्हीलचेअर थोडक्यात. बसल्यावर दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच जागा राहावी, सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं. चढता-उतरताना दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या. दिवसातला मोठा काळ त्यात जाणार असेल तर चांगली गादी घ्या आणि दर अर्ध्या तासाने बूड थोडं उचलायला लावा, नाहीतर जखमा होतात. थोड्या महिन्यांसाठीच लागणार असेल तर भाड्याने घ्या. बहुतेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सर्जिकल दुकानं देतात.

चौथी पायरी: घर

उशीखालचा टॉर्च, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, वाटेतली पायपुसणी आणि वायरी उचललेल्या. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त आज करायचं राहतं. साडीचा किंवा धोतराचा काठ घोट्याच्या वर घ्या. मागे पट्टा नसलेल्या स्लिपरऐवजी मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल.

न्हाणीघरात पकडायला दांडा बसवायचा तो भिंतीत बोल्ट मारून. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेल्यावर हात नेमका त्याच्याकडेच जातो. बसून आंघोळ करायला रबरी पायांचं भक्कम स्टूल ठेवा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, तिने गुडघ्यांचा मोठा त्रास वाचतो. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या. आतून कडी लावून माणूस पडलं तर दार फोडण्यात वेळ जातो.

उंबऱ्याला किंवा पायरीला उतार करायचा असेल तर उंचीच्या बारापट लांबी धरा. ६ इंचांच्या पायरीला ६ फूट. जागा कमी म्हणून दोन फुटांचा उतार केला तर त्यावरून व्हीलचेअर ढकलणाऱ्याचीच दमछाक होते, आणि उतरताना ती आवरत नाही.

पाचवी पायरी: आधी श्वास सोडायला शिकायचं

धाप लागलेल्या माणसाला सगळे सांगतात, "दीर्घ श्वास घ्या." दमा आणि सीओपीडीमध्ये अडचण बहुतेक वेळा उलट बाजूला असते. हवा आत जाते, पण अरुंद झालेल्या नळ्यांमधून ती पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घेतला जातो. असं होत होत जुनी हवा साठते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. "श्वास आत जात नाही" असं वाटतं ते त्यामुळे. आतली हवा आधी रिकामी करायला हवी.

खुर्चीत पाठ टेकून बसा, खांदे खाली सोडा. नाकाने, तोंड मिटून, मनात दोन आकडे मोजत श्वास घ्या. साधाच, खूप खोल नाही. मग बशीतल्या चहावर फुंकर घालताना ओठ करतो तसे ओठ करा आणि चार आकडे मोजत हवा सोडा. जोर लावायचा नाही, गाल फुगवायचे नाहीत. ओठांच्या या चिंचोळ्या वाटेमुळे आतल्या नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. दोन-चार जमत नसेल तर एक-दोन. सोडण्याचा वेळ घेण्याच्या दुप्पट, एवढं लक्षात ठेवा.

दम लागलेला असताना पहिल्यांदा हे शिकवू नका. शांत असताना, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं सराव करा. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळात केला तरी चालतो. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर वेग जास्त होतोय, थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.

पोटाने श्वास घेण्याचा सरावही चांगला आहे. एक हात छातीवर, एक पोटावर, आणि पोटावरचा हात उचलला जाईल असा श्वास. ऑपरेशननंतर किंवा काळजीने उथळ श्वास घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण ज्यांची छाती जुन्या सीओपीडीने कायमची फुगलेली आहे त्यांना तो जड जातो. त्यांना त्रास होत असेल तर हट्ट करू नका, ओठांची फुंकर पुरेशी आहे.

धाप लागलीच तर बसण्याच्या आणि उभं राहण्याच्या काही पद्धती हाताशी असू द्या. खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांडीवर. टेबलासमोर उशीवर डोकं आणि हात. उभं असताना भिंतीला कंबर टेकून, किंवा वॉकरवर, ओट्यावर हात टेकून पुढे कललेलं. हात टेकले की खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. अशा वेळी भोवती गर्दी करून पाठ चोळू नका. समोर बसा आणि तुम्ही स्वतः हळू फुंकर घालून दाखवा, ते आपोआप तुमच्या लयीत येतात.

सहावी पायरी: पाऊल आणि श्वास एकत्र

नियम एकच: जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा. उठणं, वाकणं, चढणं, उचलणं, ढकलणं, सगळीकडे हाच.

खुर्चीतून उठताना आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. नाकाने श्वास घ्या. आता फुंकर घालत पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं, आणि हातांनी रेटून उठा. उभं राहिल्यावर मगच काठी किंवा वॉकर धरा. दोन श्वास तिथेच थांबा, चक्कर नाही ना बघा, मग पाऊल.

चालताना दोन पावलं श्वास घ्यायचा, चार पावलं सोडायचा. सुरुवातीला एक आणि दोन. काठीचा 'टक' आवाज मोजायला मदत करतो. जिन्यावर पायरीवर उभं राहून श्वास घ्यायचा, सोडताना एक पायरी चढायची, थांबायचं. हळू वाटतं, पण असं चढणारे वरच्या मजल्यावर बोलत पोचतात. एका दमात चढायला गेलेले मधल्या चौकात बसतात.

आंघोळ आणि केस विंचरणं यांत दम का लागतो ते घरच्यांना कळत नाही. हात डोक्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्यांचे स्नायू दुसऱ्या कामाला लागतात. म्हणून कोपर टेबलावर टेकून विंचरा, बसून कपडे घाला, डोक्यावर पाणी लांब दांड्याच्या मगाने घ्या. न्हाणीघराचं दार किंचित उघडं ठेवा म्हणजे वाफ कोंडत नाही. अंग पुसण्याची दमछाक नको तर मोठा पंचा पांघरून पाच मिनिटं बसलं तरी भागतं. चपलेसाठी खाली वाकायचं तेव्हा फुंकर घालत वाका. त्याहून बरं म्हणजे पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बसा.

रोज किती चालायचं? ० म्हणजे दम अजिबात नाही आणि १० म्हणजे सहन होण्यापलीकडचा, अशी मापपट्टी त्यांना समजावून द्या आणि ३ ते ४ वर ठेवा. त्या वेळी छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात घरातच, तीन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वाटेत दोन ठिकाणी खुर्च्या मांडून ठेवा. सहज जमलं की तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवा. बसल्यावर काही मिनिटांत श्वास मूळ लयीत यायला हवा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं असेल तर वाढवलेलं मिनिट कमी करा, पण चालणं बंद करू नका. बसून राहिलं की मांड्या सुकतात, आणि सुकलेल्या मांड्यांनी तेवढंच काम करायला जास्त हवा लागते. त्यामुळे विश्रांतीने दम कमी होईल असं वाटत असताना तो महिन्यागणिक वाढत जातो.

यंत्रं: थोडी काळजी

तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र ऑपरेशननंतर हातात दिलं जातं. मी जाते त्या बऱ्याच घरांत लोक त्यात जोराने फुंकत असतात. गोळ्या हलत नाहीत आणि "आईच्या छातीत जोरच नाही" असं सगळ्यांना वाटतं. त्यात फुंकायचं नाही, ओढायचं असतं. आधी श्वास बाहेर सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि आत ओढा. गोळ्यांच्या कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते दर सेकंदाला किती मिलीलिटर हवा ओढली त्याचे. तिन्ही गोळ्या झटक्यात वर उडवण्यापेक्षा पहिली किंवा दुसरी गोळी दोन-तीन सेकंद वर टिकवणं जास्त कामाचं, कारण उद्देश फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडण्याचा आहे. हे यंत्र ऑपरेशननंतरच्या दिवसांसाठी आहे. सीओपीडीच्या धापेवर तो उपाय नाही.

दाबायचा पंप आणि पावडरचा पंप यांची पद्धत वेगळी आहे. दाबायचा पंप हलवून, श्वास सोडून, मग दाबत सावकाश ओढायचा आणि १० सेकंद धरायचा. ज्येष्ठांनी तो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावूनच घ्यावा. पावडरचा पंप मात्र जोराने आणि खोल ओढायचा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. औषध घेतानाची पद्धत डॉक्टरांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

कफ अडकत असेल तर खोकून खोकून थकू नका. चष्मा तोंडासमोर धरा, मध्यम श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरेल असा 'हा' करा. दोन-तीन वेळा 'हा', मग शांत श्वास, मग एकच खोकला.

बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा बघताना नखाला नेलपॉलिश नको, हात गरम हवा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. निरोगी माणसाचा ९५च्या पुढे असतो. सीओपीडीत ऑक्सिजन लावलेल्या अनेक रुग्णांसाठी डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ ठेवायला सांगतात. आकडा ९८ व्हावा म्हणून घरच्यांनी ऑक्सिजन वाढवला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याची मात्रा चिठ्ठीवरचीच.

घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर देवघरातलं निरंजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी यांच्यापासून ते लांब. नळी नाकाला लावून देवापुढे दिवा लावायला बसलेल्या आजींना मी थांबवलं आहे. त्यांना ते माहीतच नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. नाकाची त्वचा कोरडी पडते म्हणून पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्यात विरघळणारं मलम डॉक्टरांना विचारून घ्या.

प्राणायाम करत असाल तर

आपल्याकडे श्वासाच्या सरावाची मोठी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून बघायच्या या उद्देशाने. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा आधार देऊन आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसनं करता येतील अशी पद्धत घडवली. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीत बसून प्राणायाम करण्यात काहीच कमीपणा नाही.

भ्रामरी मला विशेष आवडते, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. अनुलोम-विलोम श्वास न रोखता चालेल. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मात्र दम, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असताना नको. कपालभाती आणि भस्त्रिका हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन यांत टाळा. टीव्हीसमोर बसून दुसऱ्याच्या वेगाने तर मुळीच करू नका. आणि पंप बंद करून प्राणायाम सुरू करायचा नाही. दोन्ही सोबत चालतात.

कधी थांबायचं

छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, एक वाक्यही पूर्ण न बोलता येणं, अचानक गोंधळल्यासारखं किंवा गुंगीत वागणं, पंप घेऊनही धाप न उतरणं. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवा आणि १०८ ला फोन करा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, आणि त्यासोबत एकाएकी दम, हेही तातडीचं आहे. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत तर जास्तच, कारण पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

पैसे आणि कागद

महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर साधनांसाठी एकदा ३००० रुपये बँक खात्यात येतात. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. आधार, खात्याचं पासबुक आणि स्वयंघोषणापत्र जवळ ठेवा, आणि साधन घेतल्याची पावती जपा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. तिच्यात ६० वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधनं शिबिरांतून थेट मिळतात. ती कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी पुरवते.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांगांसाठीच्या योजनांतूनही साधन मिळतं. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. एक लक्षात घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचे आजार नाहीत. त्यामुळे दम्याच्या आधारावर ते कार्ड मिळत नाही, चालण्यातल्या अपंगत्वावर मिळू शकतं. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपीची ओपीडी असते.

शिबिरातून आलेल्या साधनांची उंची खोक्यातून निघते तीच असते. घरी आणल्यावर पहिल्यांदा मनगटाच्या घडीचं माप घ्या, कळा दाबून उंची बसवा, बूच आणि ब्रेक तपासा. मग त्यांच्या हातात द्या.